खुंटी, सुतळी आणि काटकोन: भूमितीच्या पहिल्या शब्दांची ओळख

कोकणात घराची आखणी चालू असेल तिथे तासभर उभं राहिलं, तर भूमितीचे निम्मेअधिक शब्द डोळ्यांसमोरून जातात. सड्यावरची, म्हणजे कातळमाळावरची, जागा साफ होते, कोपऱ्यांत खुंट्या ठोकल्या जातात, सुतळी ताणली जाते, तिच्याखाली चुन्याची फक्की मारली जाते आणि त्या पांढऱ्या रेघांवर पाया खणायला घेतात. बिंदू, रेषाखंड, कोन, आयत, कर्ण, सगळं तिथे असतं. भूमिती म्हणजे भूमीचं मापन, हे नावातच आहे. म्हणून या लेखात प्रत्येक शब्दाचा अर्थ दोरीने करून बघता येईल असा सांगितला आहे. सुतळी, टेप आणि चार खुंट्या जवळ असल्या तर वाचता वाचता करून बघा.

सुरुवात खुंटीपासून. खुंटी चांगली दोन इंच जाड असते. मग घराचा कोपरा नक्की कुठे धरायचा? या कडेला, त्या कडेला की मधे? हा घोळ नको म्हणून खुंटीच्या माथ्यावर खिळा मारतात आणि सुतळी त्या खिळ्याला बांधतात. खिळ्यालाही जाडी असतेच, पण घराच्या मापात ती खपून जाते. भूमिती आणखी एक पाऊल पुढे जाते आणि जाडी पूर्ण काढून टाकते. उरते ती फक्त जागा, तोच बिंदू. वहीत आपण देतो तो ठिपका ही त्या जागेची खूण असते, बिंदू नव्हे.

दोन खिळ्यांमध्ये ताणलेली सुतळी म्हणजे रेषाखंड. त्याला दोन टोकं असतात, म्हणून लांबी मोजता येते. तोच दोन्हीकडे न संपता चालू राहिला, असं मनात धरलं की ती रेषा. एका टोकाला सुरू होऊन दुसरीकडे जातच राहतो तो किरण. दीपस्तंभाचा झोत डोळ्यांसमोर आणा. बोलताना आपण तिन्हींना 'रेघ' म्हणतो, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. 'रेषा ५ सेंटीमीटर लांब काढा' हे वाक्य चुकीचं आहे, कारण रेषेला लांबी नसते. रेषाखंडाला असते.

दोन बिंदूंमधून एकच रेषा जाते. गवंडी दोनच खुंट्यांवर दोरी ताणून अख्खी भिंत उभी करतो, ते याच भरवशावर. तिसरी खुंटी त्याच दोरीवर नेमकी आली, तर तिघी एकरेषीय. दोरी मधेच एखाद्या दगडाला किंवा गवताच्या जुडीला टेकत असेल, तर मात्र तो एक रेषाखंड राहत नाही, तिथे मोडून दोन होतात. तीस फुटांवर हे डोळ्यांना दिसत नाही. दोरी मधे बोटाने थोडी उचलून सोडायची. मोकळी असेल तर ती थरथरून जागेवर येते. झोळ पडला तर दोरीची दिशा बिघडत नाही, फक्त उंची चुकते. वाऱ्याने बाजूला फुगली, तर दिशाच चुकते. समुद्राकडच्या जागेवर आखणी सकाळी लवकर उरकलेली बरी.

प्रतल म्हणजे सपाट पृष्ठभाग, तोही चारी दिशांना न संपणारा. भिंतीचा गिलावा सपाट आहे की नाही, हे बघताना त्यावर सरळ पट्टी उभी, आडवी, तिरकी अशी फिरवतात. प्रत्येक दिशेला पट्टी पूर्ण टेकली पाहिजे. प्रतलाची कसोटी हीच. आणि एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंमधून एकच प्रतल जातं. म्हणून तीन दगडांच्या चुलीवर भांडं डगमगत नाही, आणि चार पायांचं टेबल खडबडीत खळ्यात हमखास डगमगतं. चौथा पाय इतर तिघांच्या प्रतलात यायला तयार नसतो.

आता कोन. एकाच बिंदूपासून निघालेले दोन किरण एकमेकांपासून किती वळले आहेत, ते माप म्हणजे कोन. दार किती उघडलं, याचं हे माप आहे. दार किती रुंद आहे, याचं नव्हे. वहीत कोनाच्या बाजू लांब काढल्या म्हणून कोन मोठा होत नाही, पण नवशिक्यांची ही चूक वर्षानुवर्षं होत आली आहे. पूर्ण फेरी ३६० अंशांची, अर्धी फेरी म्हणजे सरळ कोन १८० अंशांचा, आणि त्याचा अर्धा तो काटकोन, ९० अंशांचा. त्याहून लहान तो लघुकोन. काटकोन आणि सरळ कोन यांच्यामधला तो विशालकोन. १८० च्या पुढचा आणि ३६० च्या आतला प्रविशालकोन.

एक अंश ऐकायला किरकोळ वाटतो. पण कोपऱ्यात १ अंश चुकला, तर ३० फुटांच्या भिंतीचं दुसरं टोक सव्वासहा इंच बाजूला जातं. भिंती उभ्या राहतात, कोणाच्या लक्षात येत नाही. मग लादी बसवताना शेवटची ओळ एका टोकाला पूर्ण आणि दुसऱ्या टोकाला पाचरीसारखी कापावी लागते, तेव्हा चूक दिसते. तोवर उशीर झालेला असतो. हातातला गुण्या, म्हणजे गवंड्याची काटकोनी पट्टी, अशा वेळी पुरत नाही. त्याची भुजा दोन फुटांची. त्यावरून ३० फूट दोरी लांबवली की गुण्याशी झालेली चूक पंधरापट होऊन समोर येते. गुण्या दाराच्या चौकटीला आणि चिऱ्याला, म्हणजे बांधकामाच्या घडीव दगडाला, लावायचा. घराच्या कोपऱ्याला दोरीच हवी.

ही दोरीची रीत सावकाश समजून घ्यावी, कारण पुढचं पुष्कळ काही तिच्यावर उभं आहे. समोरच्या भिंतीची सुतळी ताणलेली आहे आणि कोपऱ्याचा खिळा 'क' आहे असं धरा. सुतळीवर 'क' पासून ४ फुटांवर खूण करा. एका टेपचं शून्य 'क' वर धरून ३ फुटांवर, आणि दुसऱ्या टेपचं शून्य त्या खुणेवर धरून ५ फुटांवर, दोन्ही टेप ताणून एकमेकांना मिळवा. मिळाले तिथे खुंटी. 'क' पाशी काटकोन झाला. कारण ३ चा वर्ग ९, ४ चा वर्ग १६, बेरीज २५, आणि तोच ५ चा वर्ग. काटकोन त्रिकोणात काटकोनासमोरची बाजू सगळ्यांत मोठी असते. तिला कर्ण म्हणतात, आणि कर्णाचा वर्ग हा उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो. उलटही खरं आहे: तीन बाजूंत हे नातं जुळलं, तर सगळ्यांत मोठ्या बाजूसमोरचा कोन काटकोनच असतो. आखणीत कामाला येते ती ही उलटी बाजू.

याला पायथागोरसचा सिद्धांत म्हणतात. यज्ञाच्या वेदी आखण्यासाठी रचलेल्या शुल्बसूत्रांत बौधायनाने तोच आयताच्या भाषेत सांगितला आहे: आयताच्या लांबी-रुंदीवरचे दोन चौरस मिळून जेवढं क्षेत्र होतं, तेवढं एकट्या कर्णावरच्या चौरसाचं असतं. शुल्ब म्हणजे दोरी. आपल्याकडे भूमिती दोरीच्याच शास्त्राने सुरू झाली, ही गोष्ट शाळेत पहिल्या दिवशी सांगायला हवी.

आता हिशोब बघा. ३-४-५ फुटांच्या त्रिकोणात कर्ण अर्धा इंच चुकला, तर काटकोन सुमारे १ अंशाने चुकतो, म्हणजे ३० फुटांवर तेच सव्वासहा इंच. तोच त्रिकोण तिप्पट करून ९-१२-१५ फुटांचा घेतला, तर अर्ध्या इंचाच्या चुकीने कोन फक्त एक तृतीयांश अंशाने बिघडतो. जागा असेल तेवढा मोठा त्रिकोण घ्या. टेपच्या टोकाची कडी मापात धरली आहे की नाही, हे आधी तपासा. दोन वेगवेगळे टेप वापरणार असाल, तर ते शेजारी धरून जुळतात का बघा. मापासाठी नायलॉनची दोरी घेऊ नका. ती ताणली की वाढते; दिशा दाखवायला ती चालते.

आणि कोकणात सपाट जागा नशिबानेच मिळते. उतारावर टेप जमिनीला चिकटवून मोजलं तर माप चुकतं, कारण ती लांबी उताराची, म्हणजे कर्णाची असते. घराला लागते ती आडवी. आडव्या १० मीटरला २ मीटर चढ असेल, तर जमिनीवरून ती लांबी १० मीटर २० सेंटीमीटर भरते. टेप आडवाच धरायचा, खालच्या टोकाला ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन, सोडायचा, आणि उतार फार असेल तर दोन-दोन मीटरचे टप्पे करून उतरायचं. ओळंबा उभी रेषा देतो आणि पाणसळीच्या नळीतलं पाणी आडवी. या दोन रेषा एकमेकींना लंब, म्हणजे काटकोनात. लंब याचा अर्थ उभा असा नाही. जमिनीवर आडव्या पडलेल्या दोन सुतळ्याही एकमेकींना लंब असू शकतात. पाणसळीच्या नळीत बुडबुडा राहिला तर दोन्हीकडची पातळी खोटी दाखवते. आधी नळी उभी धरून बुडबुडे काढायचे.

आकडे न वापरताही लंब काढता येतो. सुतळीवर एका बिंदूच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर खुणा करा, दोन्ही खुणांपासून सारख्याच लांबीच्या दोऱ्या ताणून मिळवा, मिळाल्या तो बिंदू मधल्या बिंदूला जोडा. ही रेषा दोन खुणांमधल्या रेषाखंडाचा लंबदुभाजक आहे. तिच्यावरचा प्रत्येक बिंदू दोन्ही टोकांपासून सारखाच लांब असतो. कंपासपेटीतल्या कंपासने वहीत करतात ते हेच.

कोनांच्या जोड्यांची नावं झटकन बघून घेऊ. दोन कोनांची बेरीज ९० असेल तर ते एकमेकांचे कोटिकोन, १८० असेल तर पूरक. दोन रेषा एकमेकींना छेदतात तेव्हा समोरासमोरचे विरुद्ध कोन सारखे असतात आणि शेजारचे पूरक. एका प्रतलातल्या ज्या रेषा कधीच मिळत नाहीत त्या समांतर. सम अंतर, कुठेही मोजा. पण अंतर मोजायचं ते लंब दिशेने. तिरका टेप धरून 'इथे जास्त भरतं' असं म्हणण्यात अर्थ नाही. दोन समांतर रेषांना तिसरी छेदून गेली तर ती छेदिका. तिच्यामुळे झालेले व्युत्क्रम कोन, म्हणजे दोन समांतर रेषांच्या आत पण छेदिकेच्या विरुद्ध बाजूंना पडणारे, सारखे असतात.

व्युत्क्रम कोनांचा उपयोग कौलारू छपरात दिसतो. समोरून बघा: आढं, म्हणजे छपराच्या माथ्याचं लाकूड, वर, दोन्ही पाखी, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजू, खाली उतरलेली, तळाला आडवी तुळई. झाला त्रिकोण. आता आढ्यातून तुळईला समांतर अशी एक रेषा मनात ओढा. दोन्ही पाखी या दोन समांतर रेषांच्या छेदिका झाल्या. डाव्या तळाचा कोन आढ्याशी डावीकडे व्युत्क्रम म्हणून तसाच उमटतो, उजवा उजवीकडे, आणि मधे उरतो आढ्याचा स्वतःचा. तिघे मिळून एक सरळ रेषा भरून काढतात. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश का, याचं उत्तर इतकंच आहे. घराच्या निम्म्या रुंदीला ८ फूट आणि आढ्याची चढ ६ फूट असेल, तर वाशाची तिरपी लांबी १० फूट. भिंतीबाहेरच्या पागोळीचं जास्तीचं वेगळं. असा वासा आडव्याशी सुमारे ३७ अंश आणि उभ्याशी सुमारे ५३ अंश करतो. दोघांची बेरीज ९०, म्हणून ते कोटिकोन.

छपराची कैची त्रिकोणांचीच का करतात? तीन बाजूंच्या लांब्या ठरल्या की त्रिकोण ठरला, त्याला हलायला वाव नाही. चार फळ्यांचं फाटक मात्र सांध्यांवर कलतं, लांब्या त्याच राहतात आणि कोन बदलतात. म्हणून फाटकावर तिरपी पट्टी ठोकतात: चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि कलणं थांबतं.

बाजूंवरून त्रिकोणाची तीन नावं: तिन्ही सारख्या तो समभुज, दोन सारख्या तो समद्विभुज, तिन्ही वेगळ्या तो विषमभुज. समभुज त्रिकोण नारळाच्या बागेत पैसे वाचवतो. माडांमध्ये ७.५ मीटर अंतर ठेवून चौरस पद्धतीने लावले तर हेक्टरी सुमारे १७७ माड बसतात. त्रिकोणी पद्धतीने, तेवढंच अंतर ठेवून, सुमारे २०५. कारण समभुज त्रिकोणाची उंची बाजूच्या ०.८६६ पट असते. माडामाडांतलं अंतर ७.५ असलं तरी ओळींतलं अंतर ६.५ मीटरवर येतं. एक ओळ आखली की शेजारच्या दोन खुंट्यांवरून ७.५ मीटरच्या दोन दोऱ्या मिळवायच्या, मिळतात तिथे पुढच्या ओळीतला खड्डा. चूक होते ती अशी: ओळी ७.५ मीटरवरच ठेवतात आणि झाडं फक्त एकाआड एक सरकवतात. तो त्रिकोण समभुज होत नाही, समद्विभुज होतो. तिरपं अंतर ८.४ मीटरच्या जवळ जातं, आणि माड चौरस पद्धतीएवढेच बसतात.

चौकोनांचं कुटुंब मोठं आहे, पण नातं कळलं की नावं लक्षात राहतात. समोरासमोरच्या दोन्ही जोड्या समांतर तो समांतरभुज चौकोन. त्याचे कोन काटकोन झाले की आयत. त्याच्या चारी बाजू सारख्या झाल्या की समभुज चौकोन. दोन्ही गोष्टी एकदम झाल्या की चौरस. म्हणजे चौरस हा आयतही आहे. मुलांना हे पटायला वेळ लागतो, तरी ते खरं आहे. फक्त एकच जोडी समांतर असेल तर समलंब चौकोन.

आखणी झाल्यावर दोन्ही कर्ण मोजून बघतात. चौकोनाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांना जोडणाऱ्या रेषाखंडालाही मराठीत कर्णच म्हणतात. ३० बाय २० फुटांच्या घराचा कर्ण ३६ फूट ५ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) भरला पाहिजे. पण नुसते कर्ण सारखे आले म्हणजे आयत झाला, हा समज चुकीचा आहे. एक बाजू अरुंद आणि समोरची रुंद, तिरप्या दोन सारख्या, अशा समलंब चौकोनाचेही कर्ण सारखेच येतात. आधी समोरासमोरच्या बाजू जोडीजोडीने सारख्या आहेत ना ते बघा, मग कर्ण. बाजू जुळतात आणि कर्णांत दोन इंचांचा फरक आहे, असं झालं तर एक बाजू तशीच ठेवून समोरच्या बाजूच्या दोन्ही खुंट्या लांब कर्ण आखूड होईल अशा सरकवा, पण तो कर्ण फरकाच्या निम्म्याने कमी होईपर्यंतच. तो एक इंच कमी होतो तेव्हा दुसरा साधारण एक इंच वाढतो. आयताचे कर्ण एकमेकांना बरोबर मध्यावर छेदतात. खळ्याच्या मधोमध तुळशीवृंदावन बांधायचं तर दोन सुतळ्या तिरप्या ताणल्या की जागा सापडली.

बांधकामातला चिरा हाच आयत सहा बाजूंनी गुंडाळून झालेला असतो: ६ पृष्ठं, १२ कडा, ८ शिरोबिंदू. या घनाकृतीला पुस्तकात इष्टिकाचिती म्हणतात. इष्टिका म्हणजे वीट आणि चिती म्हणजे रचलेली वेदी. दोरीच्या त्या जुन्या शास्त्राचा धागा या अवघड वाटणाऱ्या शब्दात अजून टिकून आहे.

वर्तुळाला मात्र कोपरा नाही. एका खुंटीला दोरी बांधून तिचं दुसरं टोक ताणून फिरवलं की वर्तुळ. खुंटी केंद्र, दोरी त्रिज्या, पूर्ण फेरीची लांबी परीघ. वर्तुळावरच्या दोन बिंदूंना जोडणारा रेषाखंड जीवा. केंद्रातून जाणारी जीवा सगळ्यांत लांब, तीच व्यास. जीवा म्हणजे धनुष्याची दोरी, आणि त्रिज्या या शब्दातली 'ज्या' म्हणजेही तेच. वर्तुळाला एकाच बिंदूत टेकून जाणारी रेषा स्पर्शिका, आणि ती त्या बिंदूतल्या त्रिज्येला नेहमी लंब असते.

बांधलेल्या गोल विहिरीच्या केंद्रात उभं राहता येत नाही, मग व्यास कसा काढायचा? कठड्याभोवती बाहेरून टेप गुंडाळा, सगळीकडे सारख्या उंचीवर. परीघ ४४ फूट आला, तर ४४ ला २२/७ ने भागा: व्यास १४ फूट. परिघाला व्यासाने भागलं की कुठल्याही वर्तुळात एकच संख्या येते, तिला पाय (π) म्हणतात. २२/७ ही तिची कामापुरती किंमत. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ जवळजवळ ६२,८३२ होतो असं सांगितलं, म्हणजे ३.१४१६. पण १४ फूट हा बाहेरचा व्यास. कठडा दीड फूट जाड असेल तर दोन्ही बाजूंचे मिळून ३ फूट वजा करा. आतला व्यास ११ फूट. हे वजा करायला फार लोक विसरतात, किंवा एकाच बाजूचं वजा करतात. आतल्या वर्तुळाचं क्षेत्रफळ, पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग, ९५ चौरस फूट. म्हणजे प्रत्येक फूट खोलीला ९५ घनफूट पाणी, घनफुटाला २८.३ लिटर धरून जवळजवळ २,६९० लिटर.

परिमिती, म्हणजे कडेने पूर्ण फेरीची लांबी, आणि क्षेत्रफळ यांतला फरक गडग्याने, म्हणजे दगडी कुंपणाने, कळतो. गडगा घालायला लागते ती परिमिती, आत कलमं किती बसतात ते क्षेत्रफळावर. १२० मीटर गडग्यात ३० बाय ३० मीटरची जागा घेतली तर ९०० चौरस मीटर. ५० बाय १० ची घेतली तर ५००. गडग्याचा खर्च तोच, जमीन जवळपास निम्मी. एकक बदलतानाही घसरायला होतं. १ मीटर म्हणजे ३.२८ फूट, पण १ चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट, कारण दोन्ही बाजू बदलतात. गुंठा ३३ बाय ३३ फुटांचा, १,०८९ चौरस फूट. सातबारावरचा आर १०० चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे १,०७६ चौरस फूट. दोन्ही जवळजवळ सारखे, पण एकच नाहीत.

उरली समरूपता. आकार तोच आणि माप तेच, तर आकृती एकरूप. आकार तोच पण माप लहानमोठं, तर समरूप. समरूप त्रिकोणांत कोन सारखे असतात आणि बाजू एकाच पटीत. माडावर न चढता त्याची उंची यावरून निघते. ४ फुटांची काठी ओळंब्यात उभी करा. तिची सावली ३ फूट आणि त्याच वेळी माडाची ३६ फूट असेल, तर माड १२ पट उंच: ४८ फूट. दोन्ही सावल्या पाठोपाठ मोजा, सूर्य थांबत नाही. जमीन आडवी हवी. उताराकडे पडलेली सावली लांबते. आणि किनाऱ्यावरचा माड सहसा वाकलेला असतो. अशा माडाची सावली बुंध्यापासून मोजू नका. शेंड्याच्या सरळ खाली, ओळंबा पडेल त्या जागेपासून मोजा.

आकडेमोड नको असेल तर काठी उभी करून वाट बघा. कोकणात उन्हाच्या दिवशी, वर्षाच्या कुठल्याही महिन्यात, सकाळी एकदा आणि दुपारनंतर एकदा काठीची सावली काठीएवढी होते. त्या वेळी सूर्य ४५ अंशांवर असतो, काठी आणि सावली या समद्विभुज काटकोन त्रिकोणाच्या दोन सारख्या बाजू असतात. तेवढ्यात टेप घेऊन माडाची सावली मोजायची. जेवढी सावली, तेवढाच माड.